रोबोकॉन, साठ गोल उशा आणि ट्यूबचा तुकडा

गादीवाल्याने पहिलाच प्रश्न विचारला, "एवढ्या गोल उशा कशाला रे, बालवाडी काढताय काय?" आम्ही तिघं त्याच्या दुकानात भाकरीएवढा पुठ्ठ्याचा गोल घेऊन उभे, आणि सांगतोय की या मापाचे साठ तुकडे कापून द्या, फोम पातळ पाहिजे, वरून कापड ताणून शिवायचं आणि सगळ्यांचं वजन सारखं पाहिजे. वजनाचं ऐकल्यावर त्याने चष्मा काढून बाजूला ठेवला. "बाळा, उशी वजनावर विकत नाय मी."

तर २०१७ च्या रोबोकॉनचा विषयच तसा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, इंजिनिअरिंगवाल्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल. एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या टीव्ही आणि रेडिओवाल्यांच्या संघटनेने चालवलेली कॉलेजच्या पोरांची रोबोट स्पर्धा, पहिली २००२ मध्ये टोकियोला झाली. मुळं मात्र त्याच्याही मागे जातात, जपानच्या एनएचके या टीव्हीवाल्यांनी १९८८ मध्ये तिकडच्या टेक्निकल कॉलेजांसाठी अशी स्पर्धा सुरू केली आणि त्यामागे मासाहिरो मोरी नावाचे प्रोफेसर होते. हे तेच मोरी, ज्यांनी माणसासारखा पण पूर्ण माणूस न वाटणारा रोबोट बघून अंगावर शहारा का येतो त्याबद्दल १९७० मध्ये लिहिलं होतं. म्हणजे ही स्पर्धा जन्मापासूनच टीव्हीसाठी बनलेली आहे आणि हे आम्हाला फार उशिरा, म्हणजे मॅच हरल्यावर कळलं, ते पुढे येईलच.

दरवर्षी यजमान देश आपल्याकडचा काहीतरी खेळ किंवा परंपरा घेऊन विषय ठरवतो. २००८ ला फायनल आपल्या पुण्यात होती तेव्हा विषय होता गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडीच. २०१४ ला परत पुण्यात, तेव्हा पालकत्व, एक मोठा रोबोट छोट्या रोबोटला बागेत झोके वगैरे खेळायला नेतो. २०१५ ला इंडोनेशियाने तर रोबोटना डबल्स बॅडमिंटन खेळायला लावलं. भारतातली फेरी तेव्हा दूरदर्शन आणि पुण्यातली एमआयटी मिळून बालेवाडीला घ्यायचे आणि जिंकणारी टीम भारताकडून बाहेर खेळायला जायची. २०१७ ला पाळी जपानची. विषय 'आसोबी', म्हणजे खेळ. मऊ कापडी डिस्क फेकायच्या, समोर सात गोल चौथरे, उंची वेगवेगळी, वर बीच बॉल ठेवलेले. बॉल पाडायचा आणि त्या जागी आपली डिस्क बसवायची. टीमला ५० डिस्क, वेळ ३ मिनिटं. सातही चौथऱ्यांवर तुमच्या डिस्क बसल्या की 'आप्पारे!', मॅच तिथेच संपली, तुम्ही जिंकलात. आप्पारे म्हणजे जपानीत शाब्बास टाईप काहीतरी. आमच्या हॉस्टेलवर मेसमध्ये दुसऱ्यांदा श्रीखंड मिळालं तरी पोरं आप्पारे ओरडायची, एवढं ते डोक्यात बसलेलं.

ओरिजिनल डिस्क महाग पडत होत्या, आम्ही मोजून सहा घेतल्या. सहावर फेकायची प्रॅक्टिस म्हणजे तीस सेकंद फेका आणि पाच मिनिटं गोळा करत फिरा. म्हणून गादीवाला. फोम त्याने कापून दिला पण शिवणार कोण, तर आमच्या कॅप्टनच्या मावशी ब्लाउज शिवायच्या, त्यांनी चार दिवस बाकी गिऱ्हाईक थांबवून साठ डिस्क शिवल्या आणि वर प्रत्येकीला आतून पायपिंग लावून दिलं कारण "उसवायला नको". त्या पायपिंगने प्रत्येक डिस्क थोडी जड झाली आणि तीन महिने आम्ही जड डिस्कवर रोबोट सेट केला, हे मावशींना आजही माहीत नाही आणि कोणी सांगूही नये.

आता फेकायचं कसं. रोबोकॉनमध्ये दोन पंथ असतात, हवावाले आणि मोटरवाले. हवावाले म्हणजे न्यूमॅटिक, कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्यांमध्ये सहा बारपर्यंत हवा भरायची आणि सिलिंडरने झटका द्यायचा. हो, तीच कोल्ड्रिंकची बाटली, ती भयानक प्रेशर सहन करते आणि वजनाला काहीच नाही. आम्ही मोटरवाले. एका बाजूला फिरणारं रबरी चाक, दुसऱ्या बाजूला वाकवलेली स्थिर भिंत, मधून डिस्क सोडायची. यात गंमत बघा, डिस्कची एक कड चाकाच्या वेगाने पळते आणि दुसरी कड भिंतीला टेकलेली म्हणून थांबलेली, म्हणजे डिस्क भिंतीवरून बैलगाडीच्या चाकासारखी घरंगळत जाते आणि मधला भाग बरोब्बर निम्म्या वेगाने पुढे जातो. चाकाची कड सेकंदाला १२ मीटर पळत असेल तर डिस्क ६ ने सुटते आणि वर गिरकी फुकट मिळते. ती गिरकी नसेल तर डिस्क हवेत कोलमडते, बाळाच्या दुपट्यासारखी पडते. भोवरा फिरतोय तोवर उभा, तसंच हे. आणि उजवीकडे फिरणारी डिस्क वेग संपत आला की डावीकडे झुकते, त्यामुळे लांबच्या चौथऱ्यावर मारायचं तर नेम उजवीकडे धरायचा. हे सगळं पुस्तकात आहे. मी थर्ड इयरला होतो आणि जायरोस्कोपवर दहा मार्कांचा प्रश्न लिहून पास झालेलो होतो, पण खरं सांगतो, ते काय असतं हे मला कॉलेजच्या पार्किंगमध्ये रात्री दीड वाजता कळलं, डिस्क तिसऱ्यांदा प्रिन्सिपॉल सरांच्या गाडीवर पडल्यावर.

भिंत आणि फ्रेम आम्ही सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये करून घेतली. तिथले लेथवाले मामा म्हणजे वेगळंच प्रकरण. आमचा कॉम्प्युटरवरचा थ्रीडी ड्रॉइंगचा प्रिंट त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "हे बोल्ट आवळायला हात कुठनं घालणार?" आम्ही गप्प. खरंच हात जायला जागाच नव्हती, स्क्रीनवर बोल्ट आपोआप बसलेला असतो ना. त्यांनी खडूने फ्रेमवरच दोन खिडक्या काढल्या, इथं काप आणि इथं काप, संपला विषय. नंतर बालेवाडीला त्याच खिडकीतून हात घातला म्हणून आम्ही वाचलो.

आणि याच सगळ्याच्या मधे ८ नोव्हेंबर २०१६. रात्री आम्ही बेअरिंग बसवत होतो, कोणीतरी मोबाईल बघत आत आला आणि म्हणाला पाचशे-हजार बंद. आम्हाला चेष्टा वाटली. स्पॉन्सरशिपचे आणि वर्गणीचे पैसे तेव्हा कपाटात रोख होते, सगळ्या पाचशेच्या नोटा. मग काय, अर्धी टीम बँकेच्या लायनीत, अर्धी एटीएमच्या. दिवसाला दोन हजार निघायचे, नंतर अडीच झाले. आम्हाला पुण्याहून मोटर आणायच्या होत्या, तापकीर गल्लीत रोखीशिवाय कोण बघतही नव्हतं तेव्हा. शेवटी सात जणांची सात कार्डं घेऊन एक पोरगा चार दिवस एटीएम फिरला. मामांनी मात्र "फेब्रुवारीत द्या की, पळून जाणाराय काय तुम्ही" म्हणून विषय मिटवला. दोन आठवडे तिथेच गेले, आणि ते दोन आठवडे जिथे लागायला हवे होते ते काम म्हणजे चाकाचा वेग.

हे जरा नीट सांगतो कारण आमचं सगळं यातच अडकलं. बॅटरी लिथियम पॉलिमरची, सहा सेलची. फुल चार्ज असली की २५ व्होल्टच्या वर, मग उतरत उतरत २२ वर येते. (नियमात कागदावर २४ व्होल्टची मर्यादा असते, त्यावर पिटमध्ये, म्हणजे टीमा रोबोट घेऊन बसतात तिथे, जे वाद होतात तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) व्होल्टेज बदलला की मोटरचा वेग बदलतो, वेग बदलला की डिस्क पुढे-मागे पडते. म्हणजे पहिल्या दहा डिस्क चौथऱ्याच्या पलीकडे, मधल्या दहा बरोब्बर आणि शेवटच्या अलीकडे. उपाय सगळ्यांना माहीत असतो, चाकाचा वेग सतत मोजायचा आणि कमी-जास्त झाला की मोटरची पॉवर वाढवायची-घटवायची, पीआयडी म्हणतात. मोजायला चांगला एन्कोडर, म्हणजे फेरे मोजणारा सेन्सर पाहिजे. तो घ्यायला पैसे उरले नव्हते. मग आमच्या प्रोग्रामरने (हुशार पोरगा, आंघोळीचा कंटाळा सोडला तर काही दोष नाही) जुगाड केला, काळ्या चाकावर पांढरा पट्टा चिकटवला आणि समोर एक इन्फ्रारेड सेन्सर, म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेड सोडून तो परत येतो का बघणारा. पट्टा समोर आला की प्रकाश परत येतो, एक फेरा मोजला. पन्नास रुपयांत काम झालं. आणि झालंही भारी, फेब्रुवारीत आम्ही ओळीने नऊ डिस्क एकाच चौथऱ्यावर टाकल्या, सर चहा प्यायला बाहेर गेलेले म्हणून त्यांनी बघितलंच नाही, परत करून दाखवा म्हणाले तर चारच पडल्या.

मार्चच्या सुरुवातीला निघालो. छोटा हत्ती केला, रोबोट मागे गादीवर (त्याच गादीवाल्याने उसनी दिलेली) आणि टेम्पोवाल्या काकांनी जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यांनी तो असा आवळून बांधला की हलायचं नाव नाही. पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकीत प्रत्येक वळणाला आम्ही दोघं मागे वळून बघतोय आणि काका म्हणतायत, "म्हशी नेतो मी यातनं, त्या हलत नाहीत, ह्ये काय हलतंय."

बालेवाडीला शिरल्यावर पहिला धक्का म्हणजे पिट. देशभरातल्या टीम, प्रत्येकाला एक टेबल, एक प्लगपॉइंट आणि सगळीकडे सोल्डरिंगचा वास. अहमदाबादची निरमा किंवा आयआयटीवाले, जे वर्षानुवर्षं पुढे असतात, त्यांच्या टेबलाशी नुसतं उभं राहिलं तरी कळतं फरक कुठे आहे. त्यांचा रोबोट आमच्यापेक्षा फार वेगळा नव्हता हो, शपथ. पण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्ट दोन होती. सर्किट दोन, लाँचरचं चाक दोन, आणि वर एक पोरगा ज्याचं काम फक्त यादी वाचून टिकमार्क करणं. आमच्याकडे यादी नव्हती, आमच्याकडे आठवण होती. इन्स्पेक्शनला वजन चारशे ग्रॅम जास्त भरलं, मग रात्री बसून अ‍ॅल्युमिनियमला भोकं पाडली, भोकं पाडता पाडता कोणीतरी इमर्जन्सी स्टॉपची वायर तोडली, ती जोडली. झोप दोन तास, तीही खुर्चीत.

प्रॅक्टिस फील्डवर सकाळी सगळं मस्त चाललं. पाच चौथरे झाले, शेजारची टीम येऊन बघून गेली, आमच्या कॅप्टनने त्यांना टिप्ससुद्धा दिल्या. मग मेन फील्ड.

मेन फील्ड म्हणजे टीव्हीचा सेट. वर लाइटचे ट्रस, क्रेनवर फिरणारा कॅमेरा, बाजूला बसलेले कॉमेंटेटर, प्रत्येक कॉलेजचे ढोल-ताशे आणणारे सपोर्टर. एक हेडफोनवाला माणूस आला आणि म्हणाला नाव घेतलं की जोरात ओरडा, हात वर करा. आम्ही ओरडलो. तो म्हणाला अजून जोरात. आम्ही सात जण दोन तास झोपलेले, पण ओरडलो, आता विचार करतो तेव्हा हसू येतं कारण आठ महिन्यांत सगळ्यांनी एकत्र ओरडायची ती पहिलीच वेळ होती, एरवी एकमेकांवरच ओरडायचो. मग सेटिंगला १ मिनिट. रोबोट ठेवला, डिस्क भरल्या, चाक चालू केलं आणि मला आवाज वेगळा वाटला. जरा चढा. म्हटलं हॉल मोठा आहे, घुमत असेल.

शिट्टी झाली. पहिली डिस्क सर्वात जवळच्या चौथऱ्यावर मारायची होती. ती त्या चौथऱ्यावरून गेली, त्याच्या मागच्यावरून गेली, फील्डच्या बाहेर गेली आणि कॅमेऱ्यासाठी केबल धरून बसलेल्या माणसाच्या मांडीवर जाऊन पडली. त्याने ती शांतपणे उचलून बाजूला ठेवली, त्याला सवय असावी. दुसरी त्याहून पुढे. ऑपरेटर वेग कमी करतोय, तीनदा बटण दाबलं, रोबोट ऐकेना, उलट चाक अजून जोरात. प्रेक्षकांना लय मजा आली, प्रत्येक डिस्कला "ओऽऽ". समोरच्या टीमने चार चौथरे घेतले. आम्ही ५० मधल्या ३० डिस्क बालेवाडीच्या चारी दिशांना वाटल्या आणि चुकून एक बसली, तीही भलत्याच चौथऱ्यावर. तीन मिनिटं इतकी लांब असतात हे तोंडी परीक्षेतही कळलं नव्हतं.

बाहेर आल्यावर जो भांडणाचा कार्यक्रम झाला तो लिहीत नाही. एकजण म्हणाला मोटर ड्रायव्हर (मोटरला करंट देणारं सर्किट) गेला, दुसरा म्हणाला कोड कोणी बदलला, प्रोग्रामर म्हणाला मी हातही लावला नाही आणि रडकुंडीला आला. पिटमध्ये आणून चाक फिरवलं तर वेग एकदम बरोबर. दहा वेळा बरोबर. हे सर्वात वाईट, बिघडलेलं यंत्र परवडलं पण जे फक्त सगळ्यांसमोर बिघडतं त्याचं करायचं काय.

शोध लागला तो योगायोगाने. मी वाकून त्या मामांच्या खिडकीतून हात घालून पट्टा सुटलाय का बघत होतो आणि उजेडासाठी कोणीतरी मोठा हॅलोजन ओढून जवळ आणला. चाक एकदम किंचाळलं. हॅलोजन बाजूला केला, शांत. परत आणला, परत किंचाळलं. प्रोग्रामर माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. टीव्हीचे ते झगझगीत लाइट! त्या दिव्यांतून नुसता उजेड येत नाही, ढीगभर इन्फ्रारेडही येतं, आणि आमचा पन्नास रुपयांचा सेन्सर त्याच उजेडावर जगणारा. सगळीकडून एवढं इन्फ्रारेड आल्यावर त्याला पांढरा पट्टा आणि काळं चाक सारखंच दिसायला लागलं, फेरे मोजायचे राहिले, कंट्रोलरला वाटलं चाक हळू झालंय म्हणून तो पॉवर देतच सुटला. कोडची चूक नाही, मोटरची नाही, कोणाचीच नाही, आणि खरं तर सगळ्यांचीच, कारण ही स्पर्धा टीव्हीवाल्यांनीच काढलेली आहे, तिथे लाइट असणार हे आठ महिन्यांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही प्रॅक्टिस केली पार्किंगमध्ये, रात्री, ट्यूबलाइटखाली. ट्यूबलाइटमध्ये इन्फ्रारेड जवळजवळ नसतंच.

उपाय साधा, सेन्सरवर काळी नळी पाहिजे, बाजूचा उजेड आत येऊ नये अशी. काळी चिकटपट्टी लावली तर ती पातळ, शिवाय चाकाच्या वाऱ्याने उडाली. पुठ्ठा लावला, तो चाकाला घासला. पाऊण तासावर दुसरी मॅच. मी पार्किंगकडे पळालो, काका टेम्पोत झोपलेले, त्यांना न विचारता एक ट्यूबची पट्टी कापायला घेतली तेवढ्यात ते उठलेच. "ए, जाताना बांधू कशानं?" म्हटलं काका जाताना मी धरून बसतो मागे. मग त्यांनीच स्वतःच्या चाकूने चांगला वीतभर तुकडा कापून दिला, जाड, काळाकुळकुळीत. तो गुंडाळून सेन्सरभोवती बसवला, दोन केबल टाय मारले, हॅलोजन तोंडाजवळ धरला. चाकाचा आवाज जराही बदलला नाही. त्या आवाजाइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

दुसऱ्या मॅचमध्ये चार चौथरे घेतले आणि जिंकलो. आप्पारे नाही, ते आमच्या नशिबात नव्हतं, सगळ्यात उंच चौथऱ्यावर डिस्क बसायची आणि घसरायची, ओरिजिनल डिस्क मावशींच्या डिस्कपेक्षा हलकी ना. पण पहिल्या मॅचचं गणित इतकं वाईट होतं की गटातून पुढे जायचा प्रश्नच नव्हता. उरलेले दोन दिवस स्टँडमध्ये बसून बाकीच्यांच्या मॅच बघितल्या आणि खरं तर तेव्हाच जास्त शिकलो. कोणाचा सेन्सर कुठे झाकलाय ते मी आधी बघायचो, अजूनही बघतो, लग्नात व्हिडिओवाल्याचा लाइट अंगावर आला तरी.

ऑगस्टमध्ये टोकियोची फायनल आम्ही हॉस्टेलवर लॅपटॉपला चिकटून बघितली, नेट मधे मधे अडकत होतं. व्हिएतनामची लाक हाँग युनिव्हर्सिटी जिंकली, तीच जी २०१४ ला पुण्यात येऊन जिंकून गेली होती. कोणी काही बोललं नाही, एकाने फक्त विचारलं, यांच्याकडे सेन्सर कुठला असेल रे.

आणि आमचं टीव्हीवर दिसणं. दूरदर्शनवर कार्यक्रम लागला तेव्हा घरी सगळे बसलेले, शेजारचेही बोलावलेले, आईने पोहे केलेले. आम्ही दिसलो मोजून चार सेकंद. फेकताना नाही, जिंकताना नाही, ते हात वर करून ओरडतानाही नाही. मी गुडघ्यावर बसून रोबोटच्या पोटात हात घातलाय आणि कॅमेरा जवळून तो काळा रबराचा तुकडा दाखवतोय. आई म्हणाली किती वाळलास रे. बाबा म्हणाले एवढंच?

दहा मिनिटांनी टेम्पोवाल्या काकांचा फोन. "बघितलं का, माझी ट्यूब दाखवली की टीव्हीवर! सगळ्या स्टँडवर सांगितलं." मग जरा थांबून, "परत कधी देताय ती? जाताना तू मागं धरून बसणार म्हणाला होतास, पेठ नाक्यापर्यंत झोपलेलास लेका."